आलेल्याची विचारपूस

ओळखीचा चेहरा दाखवला की श्रोता खूश होतो, मग त्या चेहऱ्यामागे माणूस असो वा नसो, अशी एक समजूत कथा रचणाऱ्या मंडळींत पसरली आहे. जुन्या भागातले पात्र नव्या भागात आणावे, त्याच्या तोंडी जुने एखादे वाक्य घालावे, टाळ्या घ्याव्यात आणि त्याला आल्या वाटेने परत पाठवावे. ही समजूत खोटी तर आहेच, शिवाय ती वाचकाचा अपमान करणारी आहे, असे माझे म्हणणे आहे. ते पटवून देण्यासाठी मी जे उदाहरण घेणार आहे, त्याचे नाव ऐकताच घरातली वडील मंडळी कपाळाला आठ्या घालतील. ते उदाहरण व्हिडिओ गेमचे आहे.

आठ्या क्षणभर बाजूला ठेवाव्यात. मीही पूर्वी घालीत असे. पण कथा कीर्तनात सांगितली काय, कादंबरीत लिहिली काय किंवा पडद्यावर खेळवली काय, ऐकणाऱ्याला दिलेला शब्द पाळायचा असतो, हा नियम तिन्ही ठिकाणी सारखाच आहे.

कॅनडातील एडमंटन शहरी बायोवेअर नावाची संस्था आहे. तिने २००९ साली ‘ड्रॅगन एज : ओरिजिन्स’ हा खेळ काढला. थेडास नावाचे एक कल्पित जग. त्यात राजे, जादूगार, पंख असलेले सर्पराज आणि जमिनीखालून वर येणारी राक्षससेना. खेळणारा स्वतः नायकाची भूमिका घेतो. त्यात नुसती तलवार फिरवून भागत नाही. कोणाला माफ करायचे, कोणाचा शिरच्छेद करायचा, गादीवर कोणाला बसवायचे, हे त्यालाच ठरवावे लागते, आणि कथा त्या त्या निर्णयाप्रमाणे वळते. २०११ साली दुसरा भाग आला, २०१४ साली ‘इन्क्विझिशन’ हा तिसरा. चौथा, ‘व्हेलगार्ड’, यायला दहा वर्षे लागली. तो आला ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी. त्या दिवशी आपल्याकडे नरक चतुर्दशी होती.

माझे दोन भाचे या खेळाचे भक्त. थोरला बारावीत आणि धाकटा नववीत असताना दोघांनी मिळून तो खेळला. पहिल्या भागाच्या अखेरीस मॉरिगन नावाची एक चेटकीण नायकापुढे एक सौदा ठेवते. राक्षसांच्या सर्पराजाला मारणारा वीर स्वतःही मरणार, हे ठरलेले. परंतु एका विधीने तिच्या पोटी मूल राहिले, तर त्या सर्पराजाचा आत्मा मुलात जाईल आणि वीर वाचेल. मात्र ते मूल घेऊन ती कायमची निघून जाणार. हा सौदा पत्करायचा की नाही, यावर दोघा भावांचे असे भांडण जुंपले की रात्री जेवायला कोणी उठेना. शेवटी थोरल्याने पत्करला. “मूल कसलं निघेल कोण जाणे!” असे म्हणत धाकटा रुसून झोपला. तिसऱ्या भागात मॉरिगन परत आली, ती दहा वर्षांचा किएरन हा मुलगा घेऊनच. शांत, काहीसा गंभीर मुलगा. “बघ, चांगला निघाला की नाही?” असे थोरला म्हणाला, आणि ते भांडण मिटले.

पुढे थोरला नोकरीसाठी परदेशी गेला. दहा वर्षे दोघेही चौथ्या भागाची वाट पाहत होते. भाऊबीजेला मी बहिणीकडे गेलो, तेव्हा धाकटा पडद्यापुढे बसलेला. मॉरिगन आली होती. तोच आवाज, तीच ऐट. ती पुष्कळ बोलली. जगाचे, देवांचे, संकटाचे बोलली. मुलाचे नाव नाही. धाकट्याने थोरल्याला फोन लावला. पलीकडून पहिला प्रश्न आला, “किएरन कसा आहे?” धाकटा म्हणाला, “कोणी विचारलंच नाही, दादा.”

वाचकहो, दिवाळीला माहेरवाशीण घरी येते. तिला आपण ओवाळतो, फराळाचे ताट पुढे ठेवतो, तिच्या साडीचे कौतुक करतो, आणि सबंध दिवसात तिच्या मुलाचे नाव कोणी काढीत नाही. असे घर कोणी पाहिले आहे काय? आणि पाहिलेच, तर त्या घराला माहेर म्हणावे काय?

या मालिकेच्या कर्त्यांना पात्र परत आणण्याची विद्या येत नव्हती, असे म्हणावे तर तसेही नाही. पहिल्या भागात डॅग्ना नावाची एक बुटकी मुलगी भेटते. तिच्या जातीला जादू मुळीच येत नाही. पण तिला जादूचा अभ्यास करायचा असतो, आणि त्यासाठी ती आपले पाताळनगर सोडायला निघते. तिसऱ्या भागात तीच मुलगी त्या विद्येतली नामांकित तज्ज्ञ होऊन येते. माझ्यासारख्या शाळामास्तराला अशा भेटीचा आनंद वेगळा सांगायला नको. त्याच भागात दुसऱ्या भागाचा नायक हॉक परत येतो, आणि एका प्रसंगी त्याला किंवा त्याच्या सोबत्याला मृत्यूच्या तोंडी सोडून यावे लागते. तो सोबती कोण, हे तुमच्या जुन्या निर्णयांवरून ठरते. पहिल्या भागात तुम्ही ॲलिस्टरला राजा केले नसेल आणि तो साधा शिपाईच राहिला असेल, तर तो तेथे उभा असतो. पाच वर्षांपूर्वी केलेली निवड अशी दारात येऊन हिशेब मागते. परत येणे म्हणतात ते याला.

आपल्याला ही रीत नवी नाही. वनपर्वात भीम द्रौपदीसाठी सौगंधिक फुले आणायला निघतो आणि वाटेत एक म्हातारे वानर आडवे पडलेले त्याला दिसते. शेपूट उचलता उचलत नाही, तेव्हा भीमाची घमेंड उतरते. हनुमंत तेथे केवळ दर्शन देण्यासाठी आलेला नाही. त्याला सगळे आठवते. तो रामाची कथा थोडक्यात सांगतो, धाकट्या भावाला शहाणा करतो आणि अर्जुनाच्या ध्वजावर बसण्याचे वचन देऊन जातो. भागवतातला जांबवान स्यमंतक मण्यासाठी कृष्णाशी अठ्ठावीस दिवस लढतो आणि मग त्याला ओळख पटते की हा आपला जुना स्वामीच आहे. या दोन्ही गोष्टींत दोन लक्षणे समान आहेत. आलेल्याला मागचे आठवते, आणि त्याच्या येण्याने पुढचे काही बदलते. यांपैकी एक तरी लक्षण असल्याशिवाय कोणी जुने पात्र उंबऱ्याच्या आत घेऊ नये.

यावर पहिला आक्षेप येतो तो खर्चाचा. प्रत्येक निर्णयाला दोन वाटा धरल्या, तरी दहा निर्णयांच्या १०२४ जोडण्या होतात. इतक्या कथा लिहायच्या कोणी, त्यांना आवाज द्यायचा कोणी? आक्षेप खरा आहे, आणि मी तो हसण्यावारी नेणार नाही. पण ही वही मांडली कोणी? दुसऱ्या भागात पहिल्याचे निर्णय ओढून आणायची सोय कर्त्यांनीच केली. २०१४ साली तर त्यांनी ‘ड्रॅगन एज कीप’ नावाची एक चोपडीच इंटरनेटवर उघडली. मागील दोन भागांतले निर्णय तीत एकेक करून नोंदवावेत आणि तिसऱ्या भागात न्यावेत. आपण लक्ष्मीपूजनाला नवी वही पुजतो. पण तीत मागील बाकी ओढल्याशिवाय पहिले पान लिहीत नाही. चौथ्या भागाने बाकी किती ओढली? तीन निर्णय. मागच्या नायकाचे प्रेम कोणावर होते, त्याने आपली संघटना मोडली की ठेवली, आणि सोलास या जुन्या सोबत्याला थोपवण्याची शपथ घेतली की सावरण्याची. तिन्ही तिसऱ्याच भागातले. पहिल्या दोन भागांच्या खात्यावर सरळ रेघ मारली!

दुसरा आक्षेप अधिक चतुर आहे. ते म्हणतात, काही खेळणाऱ्यांच्या कथेत किएरन जन्मलाच नाही; तेव्हा त्याचे नाव न काढणे हेच सर्वांना सोयीचे. आम्ही कोणाचेच खोटे पाडले नाही! वा! साक्षीदाराने तोंड उघडायचे नाही, म्हणजे साक्ष खोटी ठरत नाही, असाच हा न्याय झाला. माझे म्हणणे एवढेच, की जिला बोलायची बंदी आहे, तिला बोलावता कशाला? थेडासचा उत्तर भाग अफाट आहे. तेथल्या एखाद्या नव्या विदुषीच्या तोंडी तीच माहिती घालता आली असती. मॉरिगनलाच आणले, कारण तिच्या नावावर गर्दी जमते. नाव वापरायचे आणि त्या नावामागची बाकी नाकारायची, याला व्यापारात काय म्हणतात ते दुकानदार वाचकांना ठाऊक आहे.

तिसरा आक्षेप नवख्या वाचकाच्या कळवळ्याचा. जुन्या गोष्टी काढल्या तर नवा माणूस गोंधळतो म्हणे. मी सातवीच्या वर्गात भीम-हनुमंताची गोष्ट सांगतो. वर्गात रामायण मुळीच न वाचलेली मुले असतात. ती गोंधळत नाहीत. भीमाचे हात जोडलेले पाहून ती ओळखतात की हा कोणी फार मोठा आहे, आणि तास संपल्यावर विचारतात, “सर, त्याची आधीची गोष्ट काय?” नव्या वाचकाला मागच्या कथेची भूक लागणे, हे गोंधळाचे लक्षण नव्हे; तो कथेचा विजय आहे. मॉरिगनने “माझा मुलगा” एवढे दोन शब्द उच्चारले असते, तर नवखा फार तर कान टवकारून बसला असता.

आणि या सर्व आक्षेपांना खरे उत्तर त्याच चौथ्या भागात आहे. सोलासचे परत येणे पाहा. तिसऱ्या भागात तो सोबती म्हणून राहिला आणि अखेरीस कपटी देव ठरला. दहा वर्षांनी तो येतो, तेव्हा त्याची प्रत्येक चूक, प्रत्येक पश्चात्ताप त्याच्या पाठीवर असतो, आणि तुम्ही घेतलेल्या शपथेचे प्रतिध्वनी शेवटपर्यंत ऐकू येतात. व्हॅरिक पाहा. दुसऱ्या भागापासूनचा हा गोष्टीवेल्हाळ बुटका. चौथ्या भागात तो आजारी म्हणून पडून असतो, नायकाला धीर देतो, विनोद करतो. शेवटी कळते, की तो आरंभीच सोलासच्या हातून मेला होता. आपण बोलत होतो ते एका भासाशी. हे वाचून चटका बसला तो २०११ पासूनच्या सहवासामुळे. म्हणजे विद्या होती, ताकद होती. दोन पात्रांचे देणे त्यांनी चोख फेडले. मग उरलेल्यांना निमंत्रण देऊन उपाशी का ठेवले?

कोणी म्हणेल, गुरुजी, तुम्ही फार ताणता. गंमत म्हणून कोणी डोकावून गेले तर काय बिघडले? काही बिघडत नाही, फक्त ती गंमत आहे असे उघड सांगावे. जपानच्या ‘फायनल फँटसी’ या मालिकेत १९८८ च्या दुसऱ्या भागापासून सिड नावाचा माणूस वारंवार येतो. पण दर खेपेस जग वेगळे, माणूसही वेगळा; नाव तेवढे तेच. आपल्या तमाशातली मावशी अशीच. गवळणीत ती दर रात्री येते. काल ती कोठे होती, हे कोणी विचारीत नाही, कारण ओळख धरायचा करारच नाही. तो प्रामाणिक खेळ आहे. अप्रामाणिकपणा सुरू होतो तो “ही तीच आहे, तुम्ही जिच्यासाठी रात्र जागवलीत तीच” असे सांगून तिची स्मृती पुसण्यात. याच मालिकेत लेलियाना नावाची गायिका आहे. पहिल्या भागात एका पवित्र अस्थिकलशाची विटंबना केली, तर ती नायकाशी लढते आणि त्याच्या हातून मरूही शकते. पुढच्या भागांत मात्र ती जिवंत हजर! आपल्या हाताने केलेले पापही आपले राहू दिले जात नाही, मग पुण्याची काय कथा?

तेव्हा कथाकारांना, मग ते कादंबरीचे असोत, मालिकांचे असोत की खेळांचे, माझी विनंती आहे. सगळ्यांना बोलावू नका. दोघांनाच बोलवा, पण त्यांना पाट मांडा, पाणी विचारा, मागचे आठवा आणि घरात बदल होईल असे काही त्यांच्या हातून घडू द्या. ज्यांची विचारपूस करणे जमणार नाही, त्यांना त्यांच्या गावी सुखाने राहू द्या. न आलेल्या माणसाची वाट पाहण्यात एक गोडी असते; येऊन परका राहिलेल्या माणसाचे दुःख फार वाईट.

धाकट्याने तो खेळ पुढे पुरा केला. परवा थोरल्याचा फोन आला, तेव्हा दोघांचे पुन्हा भांडण चालले होते. किएरन आता विशीत असणार, तो आईच्या वळणावर गेला की बापाच्या, यावर. कर्ते विसरले, त्यांनी लक्षात ठेवले आहे.