लडाखला पाठवायचं, तर दिवस मोजून देऊ नका



आमच्या साखरखेर्ड्यातल्या पोरांना आता लोणार-शेगाव पुरत नाही, मोटारसायकलवर लडाखच हवं. माझा पुतण्या दोन मित्रांसोबत यंदा निघायचं म्हणतोय. जाऊ द्यावं की नाही यावर घरात वाद चालू आहे. मला विचाराल तर वाद दिवसांवर व्हायला हवा.

मनालीकडचा रस्ता साधारण मे-जूनमध्ये उघडतो आणि पुढे हिवाळ्यात बर्फाने बंद होतो. आमचं बी-बियाण्याचं दुकान, जून-जुलैत जेवायला फुरसत नसते. मग पर्युषण येतं. म्हणून मोठे म्हणतात, "जा, पण दहा दिवसांत परत ये." इथून लेह दोन हजार किलोमीटरच्या वर आहे. म्हणजे एकही दिवस न थांबता रोज चारशेच्या वर, तेही घाटांतून.

आपण दरीला घाबरतो, विरळ हवेचा विचारच करत नाही. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. मनालीहून जाताना बरेच जण सर्चूला मुक्काम करतात, ते तर सव्वाचार हजारांच्याही वर. डोकं दुखतं, मळमळतं, झोप लागत नाही. याकडे दुर्लक्ष केलं तर फुप्फुसात पाणी होतं, मेंदूला सूज येते, जीवही जातो. अशा वेळी थांबायचं आणि लवकर खाली उतरायचं. पण दहाव्या दिवशी गल्ल्यावर बसायचं असलेला मुलगा डोकेदुखीची गोळी घेऊन पुढेच जाणार.

त्यापेक्षा श्रीनगर-कारगिलमार्गे जावं, तिकडून उंची हळूहळू वाढते. लेहला दोन दिवस नुसतं पडून राहावं, मगच खारदुंगला. येताना मनालीमार्गे यावं, रोहतांगखालचा नऊ किलोमीटरचा अटल बोगदा २०२० पासून सुरू आहे. एवढ्याला सोळा-सतरा दिवस लागतातच. गाडी दिल्लीपर्यंत रेल्वेने पाठवली तर चार-पाच दिवस वाचतात, पण पोरांना तो अपमान वाटतो!

सासूबाईंचं म्हणणं वेगळं. चातुर्मासात साधू-साध्वी विहार थांबवतात आणि आपण भटकायचं? विहार थांबतो तो पावसात उपजणाऱ्या जीवांसाठी. लेहला वर्षभरात जेमतेम चार इंच पाऊस पडतो, पण तिथवरचा रस्ता भर पावसातूनच जातो, म्हणून त्यांचं मला निम्मं पटतं. संवत्सरी करून, क्षमापना मागून सप्टेंबरात निघावं. पावसाचा जोर ओसरलेला असतो, वाटेतल्या ओढ्यांचं पाणी उतरलेलं असतं आणि दुकानातली गर्दीही कमी असते.

आपल्याकडचं दिग्व्रत इथे फार कामाचं वाटतं. कुठपर्यंत जायचं ते घरूनच ठरवून निघायचं. खारदुंगला ठरलं असेल तर खारदुंगला. कोणी तंबूत भेटला आणि म्हणाला म्हणून पुढच्या खिंडीत जायचं नाही.

चौविहाराबद्दलही बोलते, कारण आया शपथा घालतात. त्या उंचीवर शरीरातलं पाणी भराभर कमी होतं. संध्याकाळपासून सकाळपर्यंत पाण्याशिवाय राहणं मला तिथे धोक्याचं वाटतं. तिविहार करावा, उकळलेलं पाणी थर्मासमध्ये ठेवावं. खाखरे, सातूचं पीठ, मेतकूट, भाजलेले मूग सोबत द्या. वाटेत राजमा-चावल मिळतो, पण कांदा-लसूण नको म्हटलं की फार काही उरत नाही.

आणि पुतणीने विचारलं तर? पुण्यात सुरू झालेल्या 'बायकर्नी' या बायकांच्या गटाने २०११ मध्येच खारदुंगला गाठलंय. तिलाही तेवढेच दिवस द्यावेत.

राहिला दुकानाचा प्रश्न. ते सतरा दिवस गल्ल्यावर मी बसते, असं मी भाऊजींना सांगितलंय. त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही.