गच्चीचा हिशेब द्या!

पुणे, पिंपरी-चिंचवड आणि भोवतालच्या गावांतल्या नागरिकहो,

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. त्या दिवशी मुळशी पेट्यातले मावळे धरणाचं काम अडवून बसले. मुंबईला वीज हवी होती आणि तिच्यासाठी निळा-मुळेच्या खोऱ्यातली भातखाचरं बुडणार होती. लढ्याचे नेते सेनापती बापट तुरुंगात गेले. लढा हरला, धरण झालं. १९२७ पासून ते पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात पडतं आणि त्याची वीज मुंबईला जाते. आज त्याच सेनापतींच्या नावाच्या रस्त्यांवर, पुण्यात आणि मुंबईतही, काचेनं मढवलेल्या कचेऱ्या उभ्या आहेत. मावळतीचं ऊन काचेतून आत घ्यायचं आणि मग एसी लावून ते बाहेर काढायचं! हे बघून जीव जळतो.

मुळशी तालुका आता पुणे महानगर प्रदेशात आहे. हिंजवडी-माणला टॉवरमागून टॉवर चढताहेत. आराखड्यात रस्त्याची रुंदी मोजतात, एफएसआय (चटईक्षेत्र) मोजतात, पार्किंग मोजतात. वीज किती लागेल आणि कुणाच्या अंगणातून येईल, हे कोण मोजतं? राज्यातली बरीचशी वीज आजही कोळशाची आहे. एकट्या चंद्रपूरचं केंद्र २,९२० मेगावॉटचं. राख चंद्रपूरकरांच्या छातीत आणि गारवा आमच्या बेडरूममध्ये, याला आम्ही नियोजन म्हणणार नाही.

नियम नाहीत असं नाही. आमच्याच इमारतीत बिल्डरनं नियमाप्रमाणे गच्चीवर सौर बंब बसवले आणि भोगवटापत्र मिळवलं. पण पाइप उघडेच, वर कसलंही आवरण नाही. खालच्या मजल्यावर गरम पाणी पोचेपर्यंत दीड-दोन बादल्या गार पाणी मोरीत जायचं. तिसऱ्या वर्षी घरोघरी गीझर लागले. बंबाच्या फुटक्या नळ्या अजून गच्चीवर पडून आहेत. आणि मे महिन्यात रात्री अकरा वाजता आमच्या पश्चिमेच्या भिंतीला हात लावून पाहा, तवा तापल्यासारखी लागते. खिडकीवर छज्जा आहे तो वीतभर. जुन्या वाड्यांना पडवी होती, चाळींना गॅलरी होती. ऊन भिंतीला लागायच्या आतच अडायचं. ते शहाणपण आम्ही मोडून विकलं.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. बांधकाम परवानगीच्या नकाशावर उन्हाची दिशा आणि छज्ज्याची खोली दाखवलीच पाहिजे. भोगवटापत्र देण्याआधी अधिकाऱ्यानं नळ सोडून गरम पाणी येतं का ते पाहावं, नुसता गच्चीचा फोटो चालणार नाही. पुनर्विकासाच्या प्रत्येक प्रस्तावासोबत सावलीचा नकाशा हवा. कारण गच्चीवरच्या सौर पॅनेलच्या माळेतल्या एका पॅनेलवर सावली पडली तरी सगळ्या माळेची वीज घसरते. शेजारच्या सोसायटीनं पैसे घालून सोलर बसवायचं आणि वर्षभरात त्याच्यावर तीस मजल्यांची सावली यायची, हा उघड अन्याय आहे.

पॅनेल रात्री वीज देत नाहीत, हे खरं आहे. म्हणून तर बचत आधी. जुना पंखा ७५ वॉट खातो, नवा बीएलडीसी (ब्रशविरहित मोटरचा) पंखा ३० वॉटमध्ये तेवढंच वारं देतो. पाण्याची मोटर पहाटेऐवजी भर दुपारी चालवली तर गच्चीवरची वीज थेट टाकीत जाते.

एक किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट गच्ची लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. लिफ्ट, मोटर, जिन्यातले दिवे यांच्यासाठी सोसायटीनं सोलर बसवलं, तर केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेतून किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायची असते. गच्चीवर सोलर आणि मोटरीची वेळ, हे दोन विषय लेखी देऊन विषयपत्रिकेवर घ्यायला लावा. आणि विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या की वरच्या मागण्या स्वतःच्या सहीनं द्या, पोच घ्या, तिची एक प्रत नगरसेवकाच्या हातात ठेवा.