एनआरआय मुलाने गावी शेत घेतलं, तर तिप्पट दंड? ‘फेमा’ काय सांगतो?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या संगमनेर, राहाता, अकोल्यातली अनेक मुलं नोकरीसाठी परदेशात आहेत. समजा, त्यातल्या एकाने घराशेजारचं शेत ४० लाखांना स्वतःच्या नावावर घेतलं. राज्याच्या कूळ कायद्यानुसार तो शेतकरीच. पासपोर्टही भारतीय. मग अडचण काय?

नियम काय आहे?

‘फेमा’ म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९. तो नागरिकत्वापेक्षा माणूस राहतो कुठे, हे पाहतो. अनिवासी भारतीयाला घर किंवा दुकान घेता येतं. शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस मात्र परवानगीशिवाय विकत घेता येत नाही. वारसाहक्काने मिळालेली किंवा परदेशी जाण्यापूर्वी घेतलेली जमीन ठेवता येते.

दंड किती?

कलम १३ नुसार रकमेच्या तिपटीपर्यंत. म्हणजे ४० लाखांच्या व्यवहारात कमाल १ कोटी २० लाख. शिवाय जमीन सरकारजमा करण्याचाही अधिकार आहे. आधीच्या १९७३ च्या ‘फेरा’त थेट तुरुंगवास होता, ‘फेमा’ने १ जून २००० पासून हा मामला मुख्यतः दिवाणी केला.

मग प्रश्न कुठे आहे?

हवालाचा व्यवहार करणारा आणि नियम न कळलेला, दोघांनाही तेच कलम लागू होतं. तिप्पट ही कमाल मर्यादा आहे; पण दंड ठरवताना काय पाहायचं, याची यादी कलम १३ मध्ये नाही. सेबी कायद्यात ती आहे: किती फायदा झाला, कुणाचं नुकसान झालं, चूक पुन्हा पुन्हा केली का. ‘फेमा’त बरंच काही अधिकाऱ्याच्या विवेकावर राहतं.

सुटकेचा मार्ग?

चूक स्वतःहून कबूल करून रिझर्व्ह बँकेकडे ‘कंपाउंडिंग’चा अर्ज करता येतो. त्यावर १८० दिवसांत निर्णय अपेक्षित असतो. एप्रिल २०२५ मध्ये बँकेने काही प्रकारच्या चुकांत, परिस्थिती पाहून, प्रत्येक नियमामागे २ लाखांची कमाल मर्यादा लावण्याची मुभा ठेवली. मात्र आधी व्यवहार नियमात बसवावा लागतो. जमिनीच्या बाबतीत याचा अर्थ परवानगी मिळवा, नाहीतर विका.

सवलत आहे, पण ती चूक वेळेत लक्षात येणाऱ्यालाच मिळते. त्यामुळे खरेदीखतावर सही करण्याआधी एकच प्रश्न विचारा: ज्याच्या नावावर शेत होतंय, तो सध्या राहतो कुठे?