कपाळावरची आठी आणि एक विष

तुळशीची लग्ने लागली की घरोघरी शालू, दागिने आणि याद्या यांची गडबड उडते. अलीकडे या याद्यांत 'बोटॉक्स' हे एक नवे नाव शिरू लागले आहे. लेकीच्या लग्नाच्या तयारीत असलेल्या एका वाचक भगिनीने विचारले आहे, "कपाळावरच्या आठ्या घालविण्यासाठी हे इंजेक्शन घ्यावे, असा घरातून आग्रह होत आहे. हे विष असते असे ऐकते, ते खरे काय?"

खरे आहे. बिघडलेल्या मांसात वाढणारे एक जंतू हे विष निर्माण करतात. लॅटिन भाषेत मांसाच्या सॉसेजला 'बोट्युलस' म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. सॉसेज खाऊन दगावलेल्या रोग्यांचा अभ्यास जर्मनीतील डॉक्टर आणि कवी युस्टिनुस केर्नर यांनी १८२० आणि १८२२ साली ग्रंथरूपाने मांडला, आणि अल्प प्रमाणात हेच विष औषध ठरू शकेल असा तर्कही केला. तो खरा ठरण्यास दीडशेहून अधिक वर्षे जावी लागली. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ डॉ. ॲलन स्कॉट यांनी तिरळेपणावर त्याचा उपयोग करून १९८० साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि १९८९ साली अमेरिकेत या औषधास मान्यता मिळाली. सौंदर्याचा संबंध आला तो कॅनडातील व्हँकूव्हर येथे. पापण्या आपोआप मिटण्याच्या विकारावर डॉ. जीन कॅरुथर्स हे इंजेक्शन देत असत. त्याने भुवयांमधली आठीही मावळते, हे एका रुग्ण स्त्रीच्या बोलण्यातून त्यांच्या ध्यानी आले. त्यांचे पती त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनी १९९२ साली त्यावर निबंध लिहिला, आणि २००२ साली अमेरिकेने आठ्यांसाठीही परवानगी दिली.

आता मुख्य गोष्ट. हे औषध त्वचेवर काम करीत नाही, स्नायूवर करते. मज्जातंतूकडून स्नायूला आकुंचनाचा जो निरोप जातो, तो ते अडविते. म्हणून कपाळ आकसल्याने पडणारी आठी उतरते. उन्हाने रापून, वयाने विरून पडलेल्या सुरकुत्या मात्र बहुधा तशाच राहतात. तीन-चार महिन्यांत निरोप पुन्हा जाऊ लागतो आणि आठी परत येते, म्हणजे खर्चही परत येतो. (आमच्या पिढीतील सासवांचे निम्मे राज्य या एका आठीवरच चालत असे, हा भाग वेगळा!)

योग्य हातांनी, योग्य मात्रेत दिले तर बहुतेकांना त्रास होत नाही. परंतु सुई थोडी चुकली, तर वरची पापणी खाली उतरते आणि काही आठवडे तशीच राहते. गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी, तसेच स्नायूंच्या दुर्बलतेचा विकार असलेल्यांनी हे घेऊ नये. इंजेक्शननंतर काही दिवसांनी गिळण्यास, बोलण्यास वा श्वास घेण्यास जड वाटू लागले, तर तडक इस्पितळ गाठावे. स्वस्ताईच्या मोहाने पार्लरमध्ये तर मुळीच घेऊ नये. २०२४ साली अमेरिकेत बनावट औषधामुळे व अशा अनधिकृत ठिकाणी टोचून घेतल्यामुळे अनेक राज्यांतील स्त्रिया आजारी पडल्या. तज्ज्ञ डॉक्टरांकडेच जावे, कुपीवरचे नाव व मुदत आपल्या डोळ्यांनी पाहावी, किती युनिट दिले ते लिहून घ्यावे. एका कंपनीचे युनिट दुसरीच्या बरोबरीचे नसते, हेही ध्यानात असावे.

भगिनींनी पत्रात घरच्यांचा आग्रह लिहिला आहे, स्वतःची इच्छा कोठेच लिहिलेली नाही. आमच्या मते हा प्रश्न डॉक्टरांच्या आधीचा आहे. फोटो चांगले यावेत म्हणून दुसऱ्याने सुचविलेले विष आपल्या कपाळी घेण्याचे बंधन कोणावरही नाही. स्वतःला हवे असेल तर अवश्य घ्यावे, लाजण्याचे कारण नाही. फक्त मुहूर्ताच्या निदान एक महिना आधी घ्यावे. पूर्ण परिणाम दिसण्यास सुमारे दोन आठवडे लागतात आणि पापणी उतरलीच तर सावरण्यास वेळ हवा. कार्य दहा दिवसांवर येऊन ठेपले असेल, तर या खेपेस राहू द्यावे.