ओवीची चाल

14 ऑक्टोबर 1956. दसरा. नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला, तेव्हा आपला परभणी जिल्हा अजून हैदराबाद राज्यात होता. 1 नोव्हेंबरला तो मुंबई राज्यात आला आणि पाठोपाठ दिवाळी आली. राज्याची हद्द एका रात्रीत बदलली. घरातला देव्हारा उतरवायला मात्र किती रात्री लागल्या असतील, हा विचार यंदाचा अंक जुळवताना मनातून गेला नाही.

धर्म सोडायचं जाहीर केल्यावर बाबासाहेबांनाच एकवीस वर्षं लागली. 1927 साली महाडचं तळं, 1930 पासून नाशिकचं काळाराम मंदिर. आधी दार ठोठावून पाहिलं. दार उघडलं नाही, तेव्हा 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्यांच्या पत्नी रमाबाई गेल्या. पंढरपूरला जायची त्यांची इच्छा राहूनच गेली. पुढे 1948 साली ‘द अनटचेबल्स’ हे पुस्तक बाबासाहेबांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांना अर्पण केलं. धर्म सोडायचं ठरवून तेरा वर्षं झालेला माणूस पायरीशीच थांबलेल्या चोख्याला पुस्तक वाहतो, यात मला विसंगती दिसत नाही. ज्या घरात राहणं अशक्य झालं, त्या घरातही आपली माणसं होती, हे ते विसरले नव्हते.

महाराष्ट्रात 1951 च्या जनगणनेत बौद्ध अडीच हजारांच्या आसपास होते. 1961 साली ते सुमारे 28 लाख झाले. धर्मांतरानंतर अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती गेल्या, त्या बौद्धांना 1990 मध्ये मिळाल्या. इतकी किंमत मोजून लोक गेले, म्हणून त्यांच्या जाण्याला कुणी ‘लाट’ म्हटलं की मला वाईट वाटतं. खंडोबाचे टाक नदीत सोडताना प्रत्येक घराने स्वतःच्या हाताने ते सोडले.

आणि बायकांचं काय झालं? गंगाखेडच्या जनाबाईने जात्याशी विठ्ठलाला बसवलं, त्याच्याशी भांडण मांडलं. जात्यावरची ती ओवी गोदाकाठच्या गावोगावी होती. दीक्षेनंतर ती थांबली नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांच्या ओव्या पुढे ध्वनिमुद्रित झाल्या. त्यांत भीमराव आहेत, रमाई आहे, बुद्ध आहे. ओवीतली नावं बदलली. पण दळणाची लय आणि गळ्यातली चाल आईकडून आलेली होती. ती त्यांनी टाकली नाही, टाकायचं कारणही नव्हतं. मला वाटतं, धर्म सोडणं म्हणजे नेमकं काय सोडणं, याचं सर्वांत नेमकं उत्तर पोथ्यांपेक्षा या जात्यापाशी सापडतं.

मी जन्मलो त्या धर्मातच राहिलो. पुष्कळ वर्षं मला वाटायचं, राहण्याला काही ठरवावं लागत नाही. जाणाऱ्याने कारण द्यायचं, राहणाऱ्याला कोण विचारतो? यंदा आम्ही लेखकांना तेच विचारलं. गेलेल्यांना का गेलात, आणि राहिलेल्यांनाही का राहिलात. दुसऱ्या प्रश्नाचे लेख उशिरा आले. काही आलेच नाहीत. जे आले ते या अंकात आहेत.

माझं उत्तर लिहायला बसलो, तर एक डबाच आठवत राहिला. लहानपणी दिवाळीत आई पलीकडच्या वस्तीतल्या एका काकूंकडे फराळ पाठवायची. काकूंनी दीक्षेनंतर दिवाळी केली नाही, पण डबा कधी परत केला नाही. वैशाखी पौर्णिमेला त्याच डब्यातून त्यांची खीर आली. आजीने डबा हातात घेतला, परसात गेली आणि खीर गाईपुढे ओतली. मी दारात उभा होतो. आजी मला फार आवडायची, अजून आवडते. आणि ते मी पाहिलं, हेही खरं आहे.

पुढच्या वैशाखात डबा पुन्हा आला. या वेळी आईने तो आजीच्या हाती जाऊ दिला नाही. खीर वाट्यांत काढून तिने आम्हा भावंडांपुढे ठेवली आणि एक वाटी स्वतः घेऊन चुलीपाशी बसली. आजी काही बोलली नाही.

— संपादक