कापसाला काटा, मग छातीला का नाही?



कापूस घेऊन व्यापाऱ्याच्या दारात गेलो की आपण आधी काटा बघतो. गाठोडं हाताने उचलून "असेल चाळीस किलो" म्हणणाऱ्यापुढे आपण गाडी रिकामी करत नाही. आणि तोच माणूस रात्री दोन वाजता धाप लागली म्हणून दवाखान्यात गेला, की कुणी नुसतं तोंडाकडं बघून सुई भरली तरी मुकाट्याने बाही वर करतो. छातीतून वारा किती जोराने बाहेर पडतो, हे कुणी मोजलं? मोजत नाहीत, आणि आपण विचारतही नाही.

मी हे माझ्या थोरल्या भावापायी शिकलो, आणि फार उशिरा शिकलो. ज्वारीची मळणी सुरू झाली की दादाची छाती वाजायला लागायची. तलवाड्याच्या शिवारात ज्याने मळणीयंत्राच्या तोंडाशी उभं राहून काणी पडलेली कणसं आत लोटली आहेत, त्याला तो काळा धुरळा सांगायला नको. मळणी उरकली की कडबाकुट्टी. घरात चुलीत पऱ्हाट्यांचा धूर. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला. दर दम्याला एक सुई, जास्त झालं तर सलाईन. तासाभरात माणूस उठून बसायचा, मग सगळे म्हणायचे गुण आला. एका वर्षी हिशेब केला तर एका वेचणीचा कापूस त्यात गेला होता. पुढं कुणीतरी निळा पंप दिला. दादा तो तंबाखूच्या पुडीसारखा खिशात ठेवायचा. महिन्याला एक संपायचा. एका पहाटे, कारखान्याच्या फडावर, कोपीत, तो पंप हातात धरूनच दादा गेला. गाडी मिळेपर्यंत उजाडलं होतं.

त्याच्याजवळ औषध नव्हतं असं नाही. औषध होतं, पण ते अर्ध्या रोगाचं होतं.

दम्यात दोन गोष्टी होतात. श्वासनळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, आणि नळ्यांचं आतलं अस्तर सुजतं. निळ्या पंपातलं साल्ब्युटामॉल आवळलेले स्नायू चार-सहा तास सैल करतं, सुजेला हात लावत नाही. बोंडात अळी बसलेली आणि आपण वरून पानं धुतोय, त्यातला प्रकार. सूज उतरवायला श्वासावाटे घ्यायचं स्टिरॉइड लागतं, आणि ते नेमाने घ्यावं लागतं.

हे माझ्या पदरचं नाही. १९९३ साली जागतिक आरोग्य संघटना आणि अमेरिकेतील हृदय, फुप्फुस व रक्ताची राष्ट्रीय संस्था यांनी दम्यासाठी 'जीना' नावाचा जागतिक उपक्रम सुरू केला. १९९५ पासून त्यांचे उपचारांचे नियम निघतात आणि नव्या माहितीप्रमाणे बदलतात. २०१९ साली त्यांनी साफ सांगितलं, की मोठ्या माणसांना आणि बारा वर्षांवरील मुलांना नुसत्या साल्ब्युटामॉलवर ठेवू नका. वर्षाला त्याचे तीन किंवा जास्त पंप लागत असतील तर मोठ्या झटक्याचा धोका वाढतो, आणि बारा लागत असतील तर मरणाचा. दादाचे बाराच व्हायचे. २०१९ च्या जागतिक अंदाजानुसार जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात होते, पण दम्याने मरणाऱ्यांत भारतातले ४० टक्क्यांहून जास्त. रोग आपल्याकडे काही वेगळा नाही, उपचाराची रीत वेगळी आहे.

आता मोजायचं कसं? दादाच्या मुलीलाही धाप लागायला लागली तेव्हा मात्र आम्ही तिला घेऊन अंबाजोगाईला, स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात गेलो. तिथं नळीत जोरात फुंकायला लावलं, मग औषध ओढायला दिलं, पंधरा मिनिटांनी परत फुंकायला लावलं. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा औषधानंतर निदान १२ टक्के आणि २०० मिलिलिटर वाढली तर दम्याच्या बाजूने पुरावा मिळतो. एवढं यंत्र नसेल तर पीक फ्लो मीटर म्हणून प्लास्टिकची साधी नळी येते, काही शे रुपयांची. दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ फुंकून आकडे वहीत लिहायचे. मोठ्या माणसात दिवसभरातला फरक सरासरी १० टक्क्यांच्या वर जात असेल तरी दम्याचा संशय पक्का होतो. डॉक्टर विचारतील ते नीट सांगा. धाप पहाटे वाढते का, धुरळ्याने उठते का, मधले काही दिवस अगदी मोकळे जातात का, घरात आणखी कुणाला आहे का.

कारण प्रत्येक धाप म्हणजे दमा नव्हे. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर आधी थुंकी तपासून क्षयरोग नाही ना ते बघायचं. सरकारी दवाखान्यात ती तपासणी फुकट आहे. जन्मभर चुलीपुढे बसलेल्या म्हातारीची धाप बऱ्याचदा वेगळ्याच रोगाची असते आणि तिचं औषधही वेगळं. जिनिंगमध्ये कामाला जाणाऱ्यांनी एक आठवणीने सांगावं. सुट्टीनंतर कामावर गेल्याच्या पहिल्याच दिवशी छाती आवळते का? ती कापसाच्या धुळीची खूण आहे.

दमाच ठरला तर उपचार पायऱ्यांचे आहेत. त्रास कमी असेल तर सूज उतरवणारं आणि नळी उघडणारं असं दोन्ही औषध (ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल) असलेला एकच पंप, लागेल तेव्हा. त्रास जास्त असेल तर तोच पंप रोज, आणि वर लागला तर आणखी. त्यानेही भागलं नाही तर डोस वाढतो, त्यापुढची पायरी छातीच्या तज्ज्ञाची. पायरी चढण्याआधी तीन गोष्टी बघायच्या असतात: पंप बरोबर ओढतो का, रोज घेतो का, धूर-धुरळा चालूच आहे का. दोन-तीन महिने छाती मोकळी राहिली तर डॉक्टर एक पायरी खालीही आणतात. मनाने कुणी उतरू नये. लहान लेकरांच्या पायऱ्या वेगळ्या.

स्टिरॉइड म्हटलं की लोक दचकतात. पंपातला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो आणि थेट छातीत जातो. ओढल्यावर चूळ भरली की झालं. सुईतला आणि गोळीतला डोस मिलिग्रॅममध्ये, म्हणजे हजारपट मापात, आणि तो सगळ्या अंगात फिरतो. साखर वाढवतो, हाडं पोकळ करतो. नाव न लिहिलेली पुडी खाऊन दमा 'बरा' होतो त्या पुडीत बहुतेक वेळा हेच असतं. मात्र वर्षानुवर्षं अशी गोळी घेणाऱ्याने ती एकदम बंद करू नये, तेही जिवावर येतं. कुणी कोजागिरीची खीर खातं, कुणी मृगाला हैदराबादला जाऊन जिवंत मासा गिळतं. जावं ज्याला जायचं त्याने, पंप मात्र बरोबर न्यावा.

"पंपाची सवय लागते," "पोरीला पंप आहे कळलं तर स्थळ कसं येणार," हेही मी घरातच ऐकलं. माझी पुतणी वर्षभर पंप लपवून ओढत होती, म्हणजे निम्मे दिवस ओढतच नव्हती. चष्मा लावणाऱ्या पोरीचं लग्न होतं की नाही?

फिनलंड नावाच्या छोट्या देशाने १९९४ ते २००४ अशी दहा वर्षं हेच केलं. लवकर निदान, सुजेवर लवकर औषध, आणि गावोगावच्या नर्सला आणि औषध दुकानदाराला शिक्षण. दम्यासाठी दवाखान्यात काढावे लागणारे दिवस निम्म्याहून कमी झाले, दर रोग्यामागचा खर्चही उतरला. आपल्याकडे ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा पंप केंद्र सरकारच्या २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. तेव्हा आरोग्य केंद्रात जाऊन मागणी करायची ती ही: फुंकायची नळी ठेवा, हा पंप बारमाही ठेवा, आणि ऊसतोडीला निघणाऱ्या दमेकऱ्याला सहा महिन्यांचा पंप बरोबर द्या. भीक नव्हे, यादीत आहे म्हणून मागायचं.

एक वाक्य दमात पुरं बोलता येईना, ओठ निळे पडले, तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा.

पुढच्या बैठकीला येताना ज्याच्या घरात पंप आहे त्याने तो घेऊन यावा. पुतणी येणार आहे. पंप कसा ओढायचा ते ती सगळ्यांसमोर दाखवणार आहे.