बिबट्या दिसला, की पाऊल मागे घ्या

कराड, पाटण, शिराळा, वाळवा या पट्ट्यात बिबट्याचं आता कुणाला नवल वाटत नाही. बांधावर पंजाचे ठसे दिसतात, वस्तीवरचं कुत्रं रातोरात नाहीसं होतं आणि गावच्या ग्रुपवर कुणीतरी एक अंधुक व्हिडिओ टाकतं. व्हिडिओ पडला की गावातली पोरं मोटारसायकली काढून त्या उसाच्या फडाकडे निघतात. प्रत्येकाला वाटत असतं, आपल्यालाही एक फोटो मिळायला हवा. हे आवाहन त्या पोरांना आहे, त्यांच्या आईवडिलांना आहे आणि गावात ज्यांचा शब्द चालतो त्या सगळ्यांना आहे. बिबट्याचा फोटो काढण्यासाठी पायी त्याच्या मागे जाऊ नका. त्यात माणूस जातो, आणि बिबट्याही जातो.

आधी तो इथे का आहे, हे समजून घेऊ. सातारा आणि सांगली या आपल्या दोन्ही जिल्ह्यांच्या पश्चिमेला कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान आहे. ही दोन्ही मिळून 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. पण उसातला प्रत्येक बिबट्या जंगलातून वाट चुकून आलेला असतो, हा समज खरा नाही. यातले कितीतरी उसातच जन्मले आणि उसातच वाढले. बारमाही पाणी, डोक्याच्या वर गेलेला ऊस, आत दाट सावली आणि वस्तीभोवती मुबलक भटकी कुत्री, एवढं त्याला पुरतं. अकोले तालुक्यात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसं राहतात अशा त्या शेतीच्या मुलखात, शंभर चौरस किलोमीटरमागे जवळपास पाच मोठे बिबटे आढळले. त्यांच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा होता. बिबट्या आपल्या अंगणाजवळून रोज जातो आणि आपल्याला कळतही नाही, कारण तो आपल्याला टाळतो. त्याचा हा टाळण्याचा स्वभाव हेच आपलं सर्वांत मोठं संरक्षण आहे. फोटोसाठी मागे लागणारा माणूस नेमकं तेच मोडतो.

आता मोबाईलचं गणित बघा. मोबाईलच्या साध्या लेन्समधून पंधरा मीटरवर सुमारे वीस मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. शेपटीसकट दोन मीटरचा बिबट्या त्यात जेमतेम दहावा हिस्सा व्यापतो. झूम करावं तर संध्याकाळच्या उजेडात चित्र फुटतं. मग माणूस काय करतो? पुढे सरकतो. दोन पावलं, चार पावलं, अजून थोडं. डोळा पडद्यावर असल्यामुळे पायाखालची सरी दिसत नाही आणि बाजूचं पाचट हललेलंही कळत नाही. बिबट्याचा झपाट्याचा वेग ताशी पंचावन्न-साठ किलोमीटरच्या घरात जातो, म्हणजे सेकंदाला पंधरा मीटर. ज्या अंतरावरून मोबाईलमध्ये तो अजून ठिपक्यासारखा दिसतो, ते अंतर तो एका सेकंदात कापू शकतो. पळायला तुमच्याकडे वेळ उरत नाही.

काही तरुण मित्र म्हणतील, परदेशात तर लोक चालत जाऊन प्यूमा या मांजरकुळातल्या मोठ्या प्राण्याचे फोटो काढतात. खरं आहे. दक्षिण अमेरिकेत चिली देशात तोरेस देल पाइने नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. त्या भागात माग काढणारे वाटाडे पाहुण्यांना पायी नेतात आणि प्यूमाचे सुंदर फोटो मिळतात. पण तिथे नजर पोहोचेल तिथवर उघडं माळरान आहे, प्यूमाला तुम्ही लांबून दिसता आणि तुम्हाला तो दिसतो. सोबतचा वाटाडा वर्षानुवर्षं त्याच प्राण्यांच्या मागावर असतो. कुठे थांबायचं आणि कधी परत फिरायचं हे तो ठरवतो, पाहुणा नाही. आपल्याकडे बारा फूट उंचीचा ऊस आहे आणि दोन सऱ्यांपलीकडचं दिसत नाही. त्यात तो बिबट्या आहे, प्यूमा नाही. प्यूमाने माणसावर हल्ला केल्याच्या घटना फार विरळ. बिबट्या बुजरा असला तरी कोंडला गेला, की थेट अंगावर येतो. तिथली रीत इथे चालणार नाही.

कोंडी होते ती गर्दीने. मार्च 2021 च्या अखेरीस सांगली शहरात, राजवाडा चौकाच्या परिसरात, भर वस्तीत बिबट्या शिरला होता. रस्ते बंद करून, भुलीचं इंजेक्शन देऊन त्याला पकडावं लागलं. अशा वेळी वन विभागाच्या माणसांना बिबट्याइतकीच बघ्यांची काळजी असते. भुलीचं औषध अंगात भिनायला काही मिनिटं लागतात. त्या मिनिटांत आरडाओरडा झाला, की घाबरलेल्या जनावरावर औषध लवकर चढत नाही आणि ते वाट फुटेल तिकडे धावतं. त्याआधी 9 डिसेंबर 2020 ला पुण्यात कोथरूडमध्ये गवा आला होता. मागे धावणारा जमाव, गाड्या आणि मोबाईल यांच्यामध्ये तो तासन्‌तास पळत राहिला. शेवटी पकडला गेला आणि मेला. त्याने कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. लोकांना त्याला बघायचं होतं, एवढंच.

विहिरीचंही तसंच. रात्री कुत्र्याच्या मागे धावताना बिबट्या कठडा नसलेल्या विहिरीत पडतो. सकाळी मोटर चालू करायला गेलेल्या माणसाला तो पाण्यात दिसतो आणि तासाभरात विहिरीभोवती कडं होतं. पोहून दमलेल्या बिबट्याला आधी टेकायला जागा लागते, म्हणून बाजेच्या चारी पायांना दोर बांधून ती खाली सोडतात. तो बाजेवर चढतो, पण मान वर करून बघतो तर काठावर गोल माणसंच माणसं. मग तो शिडीवर पाय ठेवत नाही आणि पिंजऱ्यातही शिरत नाही. गावाने विहिरीपासून दूर जाऊन शांत राहायचं ठरवलं, तर हेच काम कितीतरी लवकर उरकतं. आणि विहिरीला कठडा बांधला किंवा वर जाळी टाकली, तर ती वेळच येत नाही.

ऊसतोडीचा हंगाम सर्वांत नाजूक. दिवाळीच्या मागेपुढे टोळ्या येतात आणि फड मोकळे होऊ लागतात. मादीने पिल्लं ठेवलेली असतात ती याच उसात, बहुधा दोन किंवा तीन. कोयता पुढे सरकतो आणि पाचटात मांजराएवढी पिल्लं सापडतात. इथे लोक सर्वांत मोठी चूक करतात. पिल्लू उचलून घेतात, मांडीवर ठेवून फोटो काढतात, घरी पोरांना दाखवायला नेतात. असं करू नका. आई मेलेली नसते, ती जवळच्याच फडात दबा धरून असते आणि तिला सगळं ऐकू येतं. पिल्लू दिसलं की तोड तिथेच थांबवा, माणसं मागे घ्या आणि वन विभागाला फोन करा. त्यांची माणसं पिल्लं तपासून संध्याकाळी त्याच जागी उघड्या क्रेटमध्ये ठेवतात आणि बाजूला ट्रॅप कॅमेरा लावतात. रात्री आई येते, वास घेते, मानेला धरून एकेक पिल्लू उचलते आणि घेऊन जाते. महाराष्ट्रात अशा कितीतरी भेटी कॅमेऱ्यांत टिपल्या गेल्या आहेत. पिल्लं परत मिळाली नाहीत, तर ती मादी त्या शिवारात अस्वस्थ होऊन फिरत राहते आणि शेजारी ऊसतोड कामगारांच्या कोप्या असतात. फडमालकांना आणि मुकादमांना माझी हात जोडून विनंती आहे की कोप्या उसाला लागून टाकू देऊ नका, तिथे रात्रभर उजेडाची सोय करा आणि कामगारांची लहान मुलं फडाच्या कडेला एकटी राहणार नाहीत असं बघा.

शेतकऱ्याला मात्र फडाकडे जावंच लागतं, रात्रीची लाईट असली की पाणी धरायला जावंच लागतं. त्याने काय करावं? एकट्याने जाऊ नये. हातात बॅटरी आणि काठी ठेवावी, मोबाईलवर मोठ्याने गाणी लावावीत किंवा बोलत जावं. आपण येतोय हे बिबट्याला आधी कळलं, की तो बाजूला होतो. ओणवं होऊन किंवा उकिडवं बसून काम करताना एकाने उभं राहून लक्ष ठेवावं, कारण बसलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा दिसतो. समोरासमोर गाठ पडलीच तर पळू नका, पाठ दाखवू नका, खाली वाकू नका. लहान मूल बरोबर असेल तर त्याला चटकन उचलून घ्या. हात वर करून मोठे दिसा, मोठ्याने बोला आणि त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरका. त्याची जायची वाट अडवू नका. आणि त्या वेळी मोबाईल खिशातच राहू द्या.

कायदाही नीट माहीत असू द्या. बिबट्या 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. या कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नाही. प्राण्याला हाकणं, पकडणं, आमिष दाखवणं आणि तसा प्रयत्न करणं, हेही शिकारीतच मोडतं. चांगला फोटो मिळावा म्हणून फडाला फटाके लावून त्याला बाहेर काढणं किंवा कोंबडी बांधून ठेवणं, हा तीन ते सात वर्षांच्या तुरुंगवासाचा गुन्हा ठरू शकतो. अभयारण्यात फोटोसाठी जायचं तर परवानगी लागते.

मग हौस असलेल्याने करायचं काय? बिबट्याचे उत्तम फोटो आपल्याच माणसांनी काढलेले आहेत. मुंबईच्या नयन खानोलकरांनी आरे कॉलनीच्या वस्तीतून रात्री चालत जाणाऱ्या बिबट्याचा फोटो काढला आणि 2016 मध्ये त्याला वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेत शहरी विभागाचा पुरस्कार मिळाला. तो फोटो काढला गेला तेव्हा कॅमेऱ्यामागे माणूस नव्हता. कॅमेरा एका जागी बसवलेला होता आणि मनासारखं चित्र मिळायला चार महिने लागले. डिसेंबर 2023 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात वाघाचं छायाचित्र मिळालं, तेही ट्रॅप कॅमेऱ्यात. ज्यांना खरंच शिकायचं आहे त्यांनी वन विभागाला भेटावं, प्राणीगणनेत आणि ठसे नोंदवण्यात मदत करावी, त्यांच्या परवानगीने आणि त्यांच्या देखरेखीखाली काम करावं. गाडीत असताना बिबट्या दिसला तर काचा वर ठेवा, खाली उतरू नका, हेडलाईटचा झोत त्याच्यावर धरून ठेवू नका. सहाशे मिलिमीटरची लेन्स असेल तर शंभर मीटरवरूनही तो चौकटीचा तिसरा हिस्सा भरतो. ती नसेल तर डोळे भरून बघा आणि जाऊ द्या.

पायी फिरून फोटो काढायला या दोन जिल्ह्यांत जागा कमी नाहीत. कडेगाव-पलूसच्या डोंगरात सागरेश्वर अभयारण्य आहे. उजाड डोंगरावर माणसांनी झाडं लावून उभं केलेलं हे जंगल, तिथे चितळ आणि सांबर दिसतात. खटाव तालुक्यात मायणीचा तलाव आहे, हिवाळ्यात तिथे पाणपक्ष्यांची वर्दळ असते. पावसाळा सरताना कासच्या पठारावर फुलं येतात. वारा कुठून वाहतोय, उजेड कुठून पडतोय, जनावर मान वर करतं तेव्हा आपण किती जवळ गेलो, हे सगळं चितळावर आणि बगळ्यावर शिकता येतं. याच सांगली जिल्ह्यातल्या माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांनी रानात बसून, बघून लिहिलं. वानरांच्या टोळ्यांवरच्या त्यांच्या ‘सत्तांतर’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. थांबून बघण्याची ही परंपरा आपल्या घरचीच आहे.

एक शेवटची गोष्ट, पुढे पाठवण्याची. एखाद्याने दुरून, सुरक्षित जागेवरून फोटो काढला तरी तो जागेच्या नावासकट ग्रुपवर टाकू नये. त्याने गर्दी येते, आणि फास लावणाऱ्यालाही पत्ता मिळतो. आता तर एआयने बनवलेले बिबट्याचे खोटे फोटोही फिरतात. त्यामुळे गाव घाबरतं आणि वन विभागाची माणसं भलतीकडे धावतात. कुठला, कधीचा आणि कुणी काढलेला हे माहीत नसेल तो फोटो पुढे पाठवू नका. खरा असेल तर आधी वनरक्षकाला पाठवा.

पोलीस पाटलांनी, सरपंचांनी, शिक्षकांनी आणि तरुण मंडळांनी हंगाम सुरू होण्याआधी एक बैठक घ्यावी. बिबट्या दिसला तर कुणी फोन करायचा, गर्दी कुणी थांबवायची, पोरांना कुणी परत पाठवायचं, हे नावानिशी ठरवावं. वन विभागाचा 1926 हा क्रमांक प्रत्येक घरातल्या मोबाईलमध्ये असावा. बिबट्या दिसला तर फोटोऐवजी आधी हा क्रमांक लावा, आणि पाऊल मागे घ्या.